गोपनीयतेच्या कायद्याचा पहिला घाव माहितीच्या अधिकारावर

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याविषयी आजवर जे लिहून आले, त्यातील बराचसा भाग कंपन्यांना होऊ शकणाऱ्या अडीचशे कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाचा, मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांचा आणि ग्राहकाची संमती कशी घ्यावी याचा होता. हे विषय महत्त्वाचेच आहेत. परंतु याच कायद्याच्या अगदी शेवटी, इतर काही अधिनियमांत सुधारणा करणारे कलम ४४ आहे आणि त्याच्या उपकलम (३) ने माहितीच्या अधिकार अधिनियमातील कलम ८(१)(ञ) बदलून टाकले आहे. एका ओळीच्या या तरतुदीचा फटका, ज्याने आयुष्यात कधी संगणकाला हात लावलेला नाही अशा माणसालाही बसणार आहे. मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो असून नोकरीतील काही वर्षे तहसील कार्यालयात जनमाहिती अधिकारी म्हणून काम पाहिले आहे. माहिती मागणाऱ्यांच्या बाजूने या बदलाविषयी अनेकांनी लिहिले आहे. माहिती देणाऱ्याच्या खुर्चीतून तो कसा दिसतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आधी तारखा पाहू. संसदेने हे विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केले आणि ११ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ कायदा कागदावरच राहिला, कारण नियम तयार नव्हते. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी नियम राजपत्रात प्रसिद्ध झाले आणि कायद्याची कोणती कलमे केव्हा अमलात येतील हेही त्याच वेळी जाहीर झाले. व्याख्या आणि डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेसंबंधीची कलमे तत्काळ, नागरिकाच्या वतीने संमती देण्या-काढण्याचे काम पाहणाऱ्या संस्थांची, म्हणजे संमती व्यवस्थापकांची, नोंदणी एका वर्षाने, आणि ज्यांच्यासाठी हा कायदा केला असे आपल्याला सांगण्यात आले ती सारी कलमे, म्हणजे आपली माहिती घेण्यापूर्वी सूचना देणे, संमती घेणे, ती दुरुस्त करण्याची वा पुसून टाकण्याची मागणी करता येणे, माहिती फुटली तर तसे आपल्याला कळवणे, ही अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. कंपन्यांना तयारीसाठी वेळ हवा, हे समजण्यासारखे आहे. कलम ४४(३) मात्र नियम प्रसिद्ध झाले त्याच दिवशी लागू झाले. सरकारी कार्यालयांना तयारीला एक दिवसही लागला नाही, कारण नाही म्हणायला तयारी लागत नाही.

मूळ कलम ८(१)(ञ) मध्ये काय होते, हे समजून घेतल्याशिवाय बदलाची व्याप्ती कळत नाही. वैयक्तिक माहिती त्या कलमाखालीही नाकारता येत होती. मात्र तिचा कोणत्याही सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती उघड केल्याने संबंधित व्यक्तीच्या खासगी आयुष्यात अवाजवी हस्तक्षेप होत असला पाहिजे, अशी अट होती. आणि इतके असूनही, व्यापक जनहितासाठी ती देणे योग्य आहे अशी जनमाहिती अधिकाऱ्याची किंवा अपिलीय प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तर ती द्यावी लागे. त्याला जोडून एक परंतुक होते: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आता अट गेली, अपवाद गेला आणि परंतुकही गेले. उरले ते केवळ 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' अशा अर्थाचे चार शब्द.

ज्यावर कोणाचेच नाव नाही असा सरकारी कागद मी तरी फारसा पाहिलेला नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मजुरांची नावे असतात, मोजमाप पुस्तिकेवर शाखा अभियंत्याची सही असते, देयकावर ठेकेदाराचे नाव असते, घरकुलाच्या यादीत लाभार्थ्यांची असतात, फेरफारावर तलाठी आणि मंडळ अधिकारी यांची असतात. माहितीच्या अधिकार अधिनियमात 'वैयक्तिक माहिती'ची व्याख्या कधीच नव्हती. डेटा संरक्षण कायद्यात ती आहे, आणि ज्या माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखता येते अशी तिच्याविषयीची कोणतीही माहिती, इतकी ती रुंद आहे. खासगी कंपन्यांना आवर घालण्यासाठी व्याख्या अशीच रुंद हवी. तीच व्याख्या उचलून सरकारी दप्तराला लावली, तर वर सांगितलेला प्रत्येक कागद तिच्यात बसतो.

जुने कलम टेबलावर कसे चालत असे, त्याचे एक उदाहरण देतो. गावोगावच्या रास्त भाव दुकानांत अंगठ्याचे यंत्र येण्यापूर्वीची गोष्ट आहे. एका गावातील एका शेतकऱ्याने दुकानाच्या विक्री नोंदवहीच्या काही महिन्यांच्या प्रती मागितल्या. दुकानदाराने लेखी हरकत घेतली की नोंदवहीत कार्डधारकांची नावे आहेत, त्यांचा खासगीपणा भंग होईल. कार्डधारकांच्या खासगीपणाची इतकी काळजी त्याने पूर्वी कधी केल्याचे ऐकिवात नव्हते. मी हरकत फेटाळली आणि नावे, शिधापत्रिकेचा प्रकार, उचललेले धान्य व तारीख एवढे ठेवून भ्रमणध्वनी क्रमांक आणि इतर तपशील झाकून प्रती दिल्या. अधिनियमाच्या कलम १० मध्ये याची सोय आहेच: कागदाचा जो भाग देता येत नाही तो वेगळा काढून उरलेला द्यावा. काळ्या शाईने खोडलेला आकडा कागद उजेडाकडे धरला की वाचता येतो, म्हणून खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्यायची, हे मला आमच्या अव्वल कारकुनाने शिकवले होते. त्या शेतकऱ्याने नोंदवही गावातील मृत्यू नोंदवहीशी ताडून पाहिली आणि मयत झालेल्या माणसांच्या नावावर गहू-तांदूळ उचलला जात असल्याचे दाखवून दिले. दुकानाचा परवाना निलंबित झाला. आजच्या कलमाखाली दुकानदाराची ती हरकत मला मान्य करावी लागली असती किंवा, खरे सांगायचे तर, मान्य करणे सोपे गेले असते.

याची दुसरी बाजू मला ठाऊक नाही असे नाही. माहितीच्या अधिकाराचा धंदा करणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. अर्ज टाकायचा, अधिकाऱ्याला किंवा ठेकेदाराला भेटायचे आणि 'मिटवून' अर्ज मागे घ्यायचा, हा प्रकार मी पाहिला आहे. पोटगीचा दावा चालू असताना पत्नीच्या पगाराचा आणि रजेचा तपशील मागणारे पती पाहिले आहेत, आणि एखाद्या शिक्षिकेच्या वैद्यकीय रजेची कागदपत्रे मागणारे, जिच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, असेही पाहिले आहेत. परंतु यांपैकी एकही अर्ज नाकारताना मला जुने कलम अपुरे पडले नाही. वैद्यकीय कागदांचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नाही, ते उघड करणे हा अवाजवी हस्तक्षेप आहे, असे दोन वाक्यांत लिहिले की काम होत असे. ती दोन वाक्ये लिहावी लागत, कारण द्यावे लागे आणि ते कारण अपिलात तपासले जाई, हेच त्या कलमाचे बळ होते.

न्यायालयांनीही खासगीपणाकडे दुर्लक्ष केले होते असे म्हणता येणार नाही. उलट, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याविषयीच्या प्रकरणात, गिरीश देशपांडे निकालात, कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्तेचा तपशील ही सारी वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही, असे ठरवले. त्या निकालाची प्रत अनेक कार्यालयांत टेबलाच्या काचेखाली ठेवलेली असे, आणि नकार लिहिताना तिचा आधार घेतला जाई. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. मात्र त्याच निकालात असेही आहे की मूलभूत हक्कावर बंधन घालताना कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरन्यायाधीशांचे कार्यालयही माहितीच्या अधिकाराखाली येते असे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने हे दोन हक्क एकमेकांशी तोलावेत असे सांगितले, आणि तोलण्याचा काटा म्हणून ज्या कलमाकडे बोट दाखवले ते हेच जुने ८(१)(ञ). तो काटाच आता काढून घेतला आहे. निवृत्त न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये डेटा संरक्षणाचा जो मसुदा दिला, त्यातही या कलमात बदल सुचवलेला होता, परंतु माहिती उघड झाल्याने होणारी हानी आणि त्यातून साधणारे जनहित यांची तुलना करण्याची जबाबदारी तेथे कायम ठेवली होती. म्हणजे तोल राखून बदल करणे शक्य होते, तसा मसुदाही तयार होता, आणि तरी तो घेतला गेला नाही.

यावर शासनाचे म्हणणे असे की काहीही बिघडलेले नाही, कारण माहितीच्या अधिकार अधिनियमाचे कलम ८(२) जसेच्या तसे आहे, आणि जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते असे त्यात म्हटलेले आहे. हे उत्तर वाचायला समाधानकारक वाटते, पण ज्याने ही कलमे रोज वापरली आहेत त्याला त्यातील फरक लगेच दिसतो. पहिली गोष्ट, जुन्या कलमात निर्णय जनमाहिती अधिकाऱ्याच्या किंवा अपिलीय प्राधिकाऱ्याच्या हाती होता. कलम ८(२) मध्ये तो 'सार्वजनिक प्राधिकरणा'च्या हाती आहे. तहसील कार्यालयातील नायब तहसीलदार स्वतःला सार्वजनिक प्राधिकरण समजून सही करण्याचे धाडस करणार नाही. तो टिपणी लिहून वर पाठवील, वरचा आणखी वर पाठवील, आणि तीस दिवसांची मुदत त्या प्रवासातच संपेल. दुसरी गोष्ट, कलम ८(२) 'देता येईल' असे म्हणते, 'द्यावी' असे म्हणत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार आजही अधिकाऱ्यावर आहे, परंतु आता त्याला सिद्ध करायचे आहे ते इतकेच की मागितलेल्या कागदात कोणाची तरी वैयक्तिक माहिती आहे. कागदावर नाव दाखवले की त्याचे काम संपले. जनहित दाखवण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर गेले, आणि कागद न पाहता त्या कागदात कोणते जनहित दडले आहे हे त्याने सांगायचे आहे.

यात अधिकाऱ्याच्या भीतीचाही भाग आहे, आणि त्याविषयी मोकळेपणाने लिहिले पाहिजे. माहिती न दिल्याबद्दल जनमाहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये शास्ती होऊ शकते. राज्य माहिती आयोगापुढील दुसरे अपील सुनावणीस येईपर्यंत जो काळ जातो, त्यात अधिकाऱ्याची बदली होते किंवा तो निवृत्त होतो, त्यामुळे या शास्तीचा धाक फार उरलेला नाही. दुसरीकडे, माहिती 'दिल्या'बद्दल अडीचशे कोटींच्या दंडाच्या बातम्या त्याने वाचलेल्या आहेत. तो दंड सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेसाठी आहे, सद्भावनेने अर्ज निकाली काढणाऱ्या कारकुनासाठी नव्हे, आणि माहितीच्या अधिकार अधिनियमाचे कलम २१ सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षणही देते. पण हे तालुक्याच्या पातळीवर कोणी समजावून सांगितलेले नाही. ज्याला पेन्शनची चिंता आहे तो माणूस पंचवीस हजार आणि अडीचशे कोटी हे दोन आकडे शेजारी ठेवून काय निवडेल, हे सांगायला नको. चांगला अधिकारीसुद्धा नाकारेल, आणि लबाड अधिकाऱ्याला तर आता कारण शोधावेही लागणार नाही.

महाराष्ट्रात या कलमाचे महत्त्व जास्त आहे, कारण आपल्याकडची मोठी प्रकरणे नावांमुळेच उघडकीस आली. कुलाब्याच्या ३१ मजली आदर्श इमारतीत सदनिका कोणाला मिळाल्या, ते सभासद कोणाचे नातेवाईक होते, त्यांचे उत्पन्न किती दाखवले होते, हाच त्या प्रकरणाचा गाभा होता. माहितीच्या अधिकारातून मिळालेल्या कागदांचा ते बाहेर येण्यात मोठा वाटा होता आणि नोव्हेंबर २०१० मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. सभासदांची नावे वगळून इमारतीची माहिती दिली असती, तर ती इमारत किती मजल्यांची आहे एवढेच कळले असते, आणि ते रस्त्यावरूनही दिसत होते. अलीकडे, २०२४ मध्ये पुण्यात नेमणुकीस आलेल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्वाच्या आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रांवरून प्रश्न उपस्थित झाले, आणि पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाने उमेदवारीच रद्द केली. उत्पन्न, जात, दिव्यांगत्व यांहून अधिक वैयक्तिक माहिती कोणती असेल? तरी त्या माहितीवर सार्वजनिक पद मिळते, म्हणून तिचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध येतो, आणि जुने कलम नेमके हेच विचारत होते. लाडकी बहीण योजनेत पुरुषांनी आणि सरकारी कर्मचाऱ्यांनीही लाभ घेतल्याचे शासनाच्याच पडताळणीत दिसून आले. ही पडताळणी गावातल्या माणसाने करायची म्हटली, तर लाभार्थ्यांची यादी त्याला आता मिळेल का, याचे उत्तर कोणता जनमाहिती अधिकारी होकारार्थी देईल?

जे पत्रकार किंवा कार्यकर्ते असे कागद मिळवून प्रसिद्ध करतात, त्यांच्यापुढील अडचण वेगळी आहे. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारी कोणतीही व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने डेटा विश्वस्त ठरू शकते, आणि संगणकावर ठेवलेल्या नावांच्या यादीवर काम करणारा बातमीदार त्यातून सुटत नाही. २०१८ च्या मसुद्यात पत्रकारितेसाठी सूट होती. मंजूर झालेल्या कायद्यात ती नाही. मे २०२७ नंतर एखाद्या घोटाळेबाजाने 'माझ्या संमतीशिवाय माझे नाव वापरले' अशी तक्रार डेटा संरक्षण मंडळाकडे केली तर काय, हा प्रश्न आपल्या वृत्तपत्रालाही पडला असेलच, म्हणून त्यावर मी अधिक लिहीत नाही.

मग ज्याच्या नावाने हे सारे केले त्या नागरिकाच्या खासगीपणाचे आज काय? दुकानात बिल करताना भ्रमणध्वनी क्रमांक मागतात, सोसायटीच्या फाटकावर घरकामाला येणाऱ्या बाईंचा फोटो आणि येण्याजाण्याच्या वेळा ॲपमध्ये साठतात, आणि ते कोठे जाते हे कोणी सांगत नाही. जून २०२३ मध्ये कोविड लसीकरणाच्या कोविन संकेतस्थळावर नोंदलेली माहिती टेलिग्रामवरील एका बॉटवर क्रमांक टाकताच मिळते, असे उघड झाले तेव्हाही शासनाने मूळ प्रणाली सुरक्षित असल्याचेच सांगितले. मे २०२७ पर्यंत आपल्या हाती आहे ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३-अ आणि त्याखालील २०११ चे नियम. त्या नियमांत संवेदनशील माहिती म्हणून पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक यांचा उल्लेख आहे, पण साध्या भ्रमणध्वनी क्रमांकाचा नाही. तरीही त्या कलमात एक चांगली गोष्ट आहे: कंपनीच्या हलगर्जीपणाने नुकसान झाले तर पीडिताला भरपाई मागता येते. नवा कायदा पूर्णपणे लागू झाला की तेही कलम जाईल. नव्या कायद्यात दंड आहे, तो भारताच्या संचित निधीत जमा होईल, पण ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपयाही देण्याची तरतूद त्यात नाही. खासगीपणाच्या कायद्याविषयी आनंद व्यक्त करणाऱ्यांनी हे कलमही वाचावे.

माहिती मागणाऱ्याच्या खासगीपणाविषयी तर बोलायलाच नको. तळेगाव दाभाडे येथे जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. अर्जदाराचे नाव-पत्ता गावात आधी ठेकेदाराला कळतो आणि मग आवक नोंदवहीत चढतो, अशी तक्रार मी नोकरीत असताना वारंवार ऐकली आहे, आणि ती निराधार होती असे मला म्हणता येणार नाही. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तर एका अर्जदाराचे संपर्क तपशील स्वतःच्या संकेतस्थळावर टाकले होते, आणि त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याला पंचवीस हजार रुपये देण्याचा आदेश दिला. ठेकेदाराच्या नावाला जे संरक्षण नव्या कलमाने दिले, ते अर्जदाराच्या पत्त्याला देण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

संसदेने जुने कलम पुन्हा आणावे, ही मागणी देशभरातून होत आहे आणि ती योग्यच आहे. तोवर राज्य शासनाने हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. गोव्याने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला, तेव्हा केंद्राचा २००५ चा कायदा अस्तित्वातही नव्हता. आजही राज्याच्या अखत्यारीत करण्यासारखे पुष्कळ आहे.

माहितीच्या अधिकार अधिनियमाच्या कलम ४ मध्ये प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या गोष्टी दिल्या आहेत. त्यात अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन आहे, आणि अनुदानाच्या योजनांची रक्कम व लाभार्थ्यांचा तपशीलही आहे. नव्या सुधारणेने कलम ४ ला हात लावलेला नाही. आणि जी वैयक्तिक माहिती एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेली आहे तिला डेटा संरक्षण कायदा लागूच होत नाही, असे त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे. अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम २७ नुसार रास्त भाव दुकानांच्या व्यवस्थेचे अभिलेख लोकांसाठी खुले ठेवायचे आहेत, तेही याच प्रकारात मोडते. अर्थात कोणी कायदेपंडित म्हणेल की कलम ८ ची सुरुवातच 'या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी' अशी आहे, म्हणून ते कलम ४ वर मात करते. हा युक्तिवाद अपिलात हमखास केला जाणार. म्हणूनच निर्णय एकेका नायब तहसीलदारावर न सोडता, सामान्य प्रशासन विभागाने कलम ८(२) चा आधार घेऊन सर्व सार्वजनिक प्राधिकरणांसाठी एकच शासन निर्णय काढावा, आणि कोणते कागद जनहितार्थ नेहमीच द्यावयाचे ते त्यात नावानिशी लिहावे: हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, देयके, निविदा, लाभार्थी याद्या, सार्वजनिक पदासाठी सादर केलेली प्रमाणपत्रे, विभागीय चौकशीचे अंतिम आदेश. आधार क्रमांक, बँक खाते, भ्रमणध्वनी, आजाराचा तपशील हे झाकून द्यावे, असेही त्यातच म्हणावे. असा निर्णय टेबलावर असला की भित्रा अधिकारीसुद्धा माहिती देईल, कारण मग धाडस करावे लागत नाही. आपल्याकडे सातबाराचे आणि कर्जमाफीच्या याद्यांचे चावडीवाचन झालेले आहे. गावासमोर मोठ्याने वाचलेल्या यादीची प्रत अर्जावर नाकारणे हे तर्कालाही धरून नाही.

आणखी एक गोष्ट, जी केवळ महाराष्ट्रापुरती आहे. २०१२ मध्ये राज्याने आपल्या नियमांत दुरुस्ती करून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, अशी मर्यादा घातली. जोपर्यंत अर्जदाराला कारण सांगावे लागत नव्हते तोपर्यंत ही मर्यादा फारशी जाचक नव्हती. 'अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी' एवढे लिहिले आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले की पुरे होत असे. आता कलम ८(२) खाली माहिती हवी असेल तर जनहित कोणते, ते संभाव्य हानीपेक्षा मोठे का, कलम १० नुसार कोणता भाग झाकून उरलेला देता येईल, हे सारे अर्जातच मांडणे शहाणपणाचे ठरेल, आणि मी वाचकांनाही तसेच सुचवीन. त्यासाठी १५० शब्द पुरणार नाहीत. हा नियम केंद्राचा नाही, राज्याचा आहे, आणि तो बदलण्यासाठी सामान्य प्रशासन विभागाची एक अधिसूचना पुरेशी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त नायब तहसीलदार,
जिल्हा सातारा